धिंगरी अळिंबी : घरगुती लागवड

धिंगरी अळिंबी : भाताचा पेंढा, गव्हाचे काड, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा शेतातल्या वाळलेल्या अवशेषांवर वाढणाऱ्या, प्ल्यूरोटस प्रजातीतील खाद्य कवकांना मराठीत दिले जाणारे नाव. शिंपल्यासारखे छत्र, एका अंगाला असलेला आखूड देठ आणि छत्राखालून देठावर उतरत आलेली पटले (पातळ पाती) यांवरून ती ओळखू येते. बाजारात तिला ऑयस्टर मशरूम म्हणतात. बटण अळिंबीला महिनाभर कुजवलेले कंपोस्ट आणि फळधारणेच्या वेळी १४ ते १८° से. एवढा गारवा लागतो. धिंगरीला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून घरातल्या रिकाम्या खोलीत वा पडवीत अळिंबी पिकवू पाहणाऱ्याने धिंगरीपासूनच सुरुवात करावी.

नावे : ‘धिंगरी’ हा शब्द मूळचा मराठी नाही. उत्तरेतील डोंगराळ भागातून हिंदीत आणि तिथून कृषिविस्ताराच्या पुस्तिकांमधून तो मराठीत आला असावा. ‘अळिंबी’, ‘अळंबे’ आणि गोव्यातील ‘अळमी’ हे शब्द मात्र इकडचे असून ते सर्वच खाद्य छत्र्यांना लावले जातात. ‘भूछत्र’ हा ग्रांथिक शब्द आहे, तर ‘कुत्र्याची छत्री’ म्हणताना बहुधा न खाण्याजोगी जात मनात असते. गोव्यातील रोयणीं अळमी आणि विदर्भातील टेकोडे ही वारुळांवर उगवणारी टर्मिटोमायसीस प्रजातीची कवके आहेत. वाळवी आपल्या वारुळात ज्या कवकाची बाग राखते, त्याच्याच या छत्र्या असतात. वाळवीवाचून ते कवक फळत नाही. त्यामुळे पावसाळ्यात पानांच्या पुड्यांतून विकायला येणारी ही अळमी घरी पिकवण्याची सोय अजून झालेली नाही. धिंगरीच्या बियाण्याला कोणी ‘रानअळंबीचे बी’ म्हणून विकत असेल, तर ते खरे मानू नये.

प्राचीन उल्लेख : भारतात पेंढ्यावर अळिंबी पिकवण्याची रीत प्राचीन होती, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. त्याला आधार दिला जातो तो सुश्रुतसंहितेचा. सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या (४६ व्या) अध्यायात ‘उद्भिद’ या नावाखाली पलाल (पेंढा), इक्षू (ऊस), करीष (शेण), वेणू (बांबू) आणि क्षिती (जमीन) या पाच ठिकाणी उगवणाऱ्या छत्र्या सांगितल्या आहेत. त्यांतील पेंढ्यावरची मधुर, मधुरविपाकी, रूक्ष आणि दोषशामक मानली आहे. संहितेचे थर वेगवेगळ्या काळांतले असून इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत तिची कालनिश्चिती केली जाते. या अध्यायाचा नेमका काळ सांगणे अवघड आहे. उतारा मोलाचा आहे यात शंका नाही, कारण कवक कशावर वाढले यावरून त्याचे गुण बदलतात ही सूक्ष्म नजर त्यात आहे. पण ‘पलालज’ म्हणजे पेंढ्यावर उगवलेले. पेंढ्यावर पेरलेले नव्हे. पेरणी, बी, मशागत यांचा एकही शब्द तिथे नाही. पावसात भिजलेल्या उडवीवर आपोआप उगवलेल्या छत्र्या कोणाही शेतकऱ्याने पाहिलेल्या असतात, आणि संहिताकारांना त्याच अभिप्रेत असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय त्या पेंढ्यावरच्या होत्या म्हणून धिंगरीच होत्या, असेही ठरत नाही. पेंढरी अळिंबी (व्हॉल्व्हॅरिएला) हीही पेंढ्यावरच येते. दुसरीकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गाजर (किंवा गृंजनाचा दुसरा अर्थ घेतल्यास एक कांद्यासारखा कंद), कांदा यांच्या रांगेत कवके द्विजांना अभक्ष्य ठरवली आहेत. महाराष्ट्रात काही घरांत अळिंबी आजही वर्ज्य मानतात. या वर्ज्यतेचे मूळ मनुस्मृतीतील निषेधात आहे की विषबाधेच्या अनुभवात, हे वेगळे करून दाखवता येत नाही.

लागवडीचा इतिहास : धिंगरीची हेतुपुरस्सर लागवड प्रथम जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी झाडांच्या खोडांवर केली. त्यासाठी १९१७ हे वर्ष दिले जाते. भारतीय पुस्तिकांतून हे नाव अनेकदा ‘फ्लॅक’ असे चुकीचे छापले जाते. लाकडावरून पेंढ्यावर येण्याचा टप्पा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असून तो भारतात गाठला गेला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर प्ल्यूरोटस फ्लॅबेलॅटस ही जाती वाढवली. आज मराठी घरातल्या पिशवीत जे केले जाते, त्याचा उगम या कामात आहे. त्याआधी १९३२ मध्ये अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी धान्याच्या दाण्यांवर अळिंबीचे बी तयार करण्याची पद्धत काढली होती. गहू वा ज्वारीवरचे आजचे बियाणे (स्पॉन) त्याच पद्धतीचे. सोलन (हिमाचल प्रदेश) येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय अळिंबी केंद्र सुरू झाले आणि २००८ पासून ते अळिंबी संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे.

‘साजोर-काजू’ वाद : महाराष्ट्रात सर्वाधिक लावली जाणारी करड्या रंगाची धिंगरी बियाण्याच्या पिशवीवर प्ल्यूरोटस साजोर-काजू या नावाने येते. नावातील ‘काजू’चा काजूच्या झाडाशी संबंध नाही. मलय भाषेत ‘सायूर’ म्हणजे भाजी आणि ‘कायू’ म्हणजे लाकूड. लाकडावरची भाजी या अर्थाचे ते स्थानिक नाव असावे. स्वीडनचे कवकशास्त्रज्ञ फ्रीस यांनी १८२१ मध्ये ते शास्त्रीय नावात घेतले आणि पुढे सिंगर यांनी ती जाती प्ल्यूरोटस प्रजातीत नेली. १९७४ च्या सुमारास जंदैक व कपूर यांनी हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या यूफोर्बिया रॉयलियाना या वनस्पतीच्या वाळक्या खोडांवर वाढणारी एक धिंगरी मिळवली, तिची लागवड बसवली आणि तिला हेच नाव दिले. तिथूनच हा घोटाळा सुरू झाला. मूळ साजोर-काजूच्या देठावर वलय असते आणि तिचा गाभा चिवट, जाड भिंतीच्या तंतूंचा असतो; म्हणून कवकशास्त्रज्ञ पेग्लर यांनी ती लेंटिनस प्रजातीत मानली. भारतीय लागवडीतील धिंगरीला वलय नाही आणि ती मऊ आहे. नंतरच्या संकर-चाचण्या व जनुकीय तुलना यांवरून ती प्ल्यूरोटस पल्मोनॅरियसमध्ये मोडते असे बहुतेक वर्गीकरणकार मानतात, आणि हेच मत येथे स्वीकारले आहे. बियाणे विकणारे मात्र जुनेच नाव चालवतात. ते बदलण्याचा आग्रह शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. पण दोन प्रयोगशाळांतून एकाच नावाची दोन वेगळी वाणे येऊ शकतात, एवढे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पांढऱ्या ‘फ्लोरिडा’ची गोष्ट अशीच आहे. अमेरिकेतील फ्लोरिडातून आलेले ते वाण बहुधा प्ल्यूरोटस ऑस्ट्रिएटसचाच प्रकार असून त्याला स्वतंत्र जाती मानण्यास पुरेसे कारण नाही.

वाण व हंगाम : पांढरी फ्लोरिडा थंडीत चांगली येते, करडी साजोर-काजू पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत साधते, तर गुलाबी धिंगरी (प्ल्यूरोटस जामोर) ३०° से.च्या आसपासही फळते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धिंगरीचा हट्ट धरू नये. तेव्हा दुधी अळिंबी (कॅलोसायबी इंडिका) घ्यावी; ती ३० ते ३५° से. तापमान सोसते, मात्र तिला वरून निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो. या दुधी अळिंबीचे वर्णन पश्चिम बंगालमधून पुरकायस्थ व चंद्रा यांनी १९७४ मध्ये केले.

पद्धत : पेंढा त्याच हंगामातला, पावसात न भिजलेला आणि पिवळाधमक असावा. काळपट, बुरशीचा वास येणारा पेंढा कितीही उकळला तरी दगा देतो. त्याचे ३ ते ५ सेंमी. तुकडे करून ८ ते १० तास पाण्यात भिजवतात, निथळतात आणि ८०° से.च्या पाण्यात तासभर ठेवतात. शेतावर यासाठी १०० लि. पाण्यात ७.५ ग्रॅ. कार्बेन्डाझिम व १२५ मिलि. फॉर्मॅलिन घालून पेंढा रात्रभर (१६ ते १८ तास) बुडवण्याची रीत आहे. घरच्या खाण्यासाठी, आणि तेही स्वयंपाकघराशेजारी, ती वापरू नये. गरम पाणी पुरते. सगळे यश मात्र पुढच्या पायरीवर ठरते. पेंढा स्वच्छ कापडावर पसरून एवढाच सुकवावा की मूठ आवळली तर बोटांच्या फटींत ओल चमकेल, पण थेंब गळणार नाही. ही ६५ ते ७० टक्के ओलावा असल्याची खूण आहे. थेंब टपकत असेल तर पिशवीच्या तळाशी पाणी साचते, आंबूस वास सुटतो आणि आठ दिवसांत बेड (पेंढा-बियाण्याने भरलेली पिशवी) हातचा जातो. नवख्यांचे बहुतेक बेड रोगाने मरत नाहीत, या पाण्याने मरतात.

बियाणे ताजे असावे. दाणा न् दाणा पांढऱ्या कवकजालाने माखलेला असावा. हिरवा वा काळा ठिपका दिसला तर पिशवी परत करावी. हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून, पेंढ्याचा चार बोटे थर आणि कडेने बियाण्याची पेरणी असे चार-पाच थर पिशवीत दाबून भरतात. ओल्या पेंढ्याच्या २ ते ३ टक्के बियाणे लागते; एक किलो कोरड्या पेंढ्याचा सुमारे तीन किलो ओला पेंढा होतो, म्हणजे त्याला ६० ते ९० ग्रॅम. तोंड बांधून सुईने वीस-पंचवीस छिद्रे पाडतात आणि पिशवी अंधाऱ्या, २२ ते २८° से.च्या जागी उबवायला ठेवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत काहीच दिसत नाही. मग प्रत्येक दाण्याभोवती कापसाची पुटकुळी उमटते, पुटकुळ्या एकमेकींना भिडतात आणि १५ ते २० दिवसांत आतला पेंढा दुधाच्या सायीसारख्या पांढऱ्या जाळ्याखाली बुडून ठोकळ्यासारखा घट्ट होतो.

आता पिशवी कापून काढतात किंवा तिला उभ्या चिरा देतात. उबवणीत कवकाला कार्बन डाय-ऑक्साइड चालतो; फळधारणेला मात्र ताजी हवा, वाचता येईल एवढा उजेड आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता हवी. गोणपाट ओले ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा मारतात. देठ लांब, छत्र बटणाएवढे असे झाले तर हवा कोंडली आहे असे समजावे. चार-पाच दिवसांनी चिरेच्या कडेला मोहरीएवढे करडे मणी घोसाने उगवतात. आज मोजता येत होते ते उद्या सकाळी टाचणीच्या डोक्याचे राहत नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळहाताएवढे होतात. छत्राची कड आत वळलेली असतानाच घोस हलके पिरगाळून काढतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने असे दोन-तीन बहर मिळतात. एक किलो कोरड्या पेंढ्यावर एकूण ५०० ते ७०० ग्रॅम ताजी अळिंबी ही प्रामाणिक अपेक्षा आहे. एकास एक उत्पन्नाचे आश्वासन कुशल हातांना शक्य असले, तरी पहिल्या बेडपासून ते धरू नये.

रोग व धोके : ट्रायकोडर्माची हिरवी बुरशी हा मुख्य शत्रू असून तिचा ठिपका दिसताच पिशवी घराबाहेर न्यावी. पावसाळ्यात माश्या त्रास देतात. जाळी लावणे हाच उपाय, कारण काढणीच्या पिकावर कीटकनाशक मारता येत नाही. सूत्रकृमींबाबत (सूक्ष्म, धाग्यासारख्या जंतांबाबत) उलटे आहे : धिंगरीचे तंतूच त्यांना गुंगवून खातात, असे थॉर्न व बॅरन यांनी १९८४ मध्ये दाखवले.

घरात पिकवणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचे ते बीजाणूंना. पक्व धिंगरी पांढऱ्या धुरळ्यासारखे असंख्य बीजाणू सोडते. जवळच्या फरशीवर त्यांचा थर बोटाने ओढता येतो. हे रोज श्वासातून गेल्यास खोकला, ताप, दम लागणे अशी फुप्फुसाची अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवू शकते आणि अळिंबी कामगारांत हा विकार ज्ञात आहे. म्हणून झोपण्याच्या खोलीत बेड ठेवू नयेत, छत्र उलगडण्याआधी तोडणी करावी, आणि घरात दमेकरी असेल तर लागवड बाहेर पडवीतच करावी.

आहार व औषधी गुण : ताज्या धिंगरीत सुमारे नऊ दशांश पाणीच असते, कोरड्या वजनात प्रथिने साधारण २० ते ३० टक्के भरतात. जाहिरातींतले मोठे आकडे कोरड्या वजनाचे असतात, हे वाचताना सुटते. तिच्यातील एर्गोस्टेरॉलाचे उन्हात ड२ जीवनसत्त्व बनते, म्हणून वाळवताना ऊन देणे उपयोगी. लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य तिच्यात आढळते. पण भाजी खाणे हा औषधाचा पर्याय नव्हे. कच्ची खाऊ नये, कारण रक्तपेशी फोडणारी काही प्रथिने तिच्यात असून ती शिजवल्यावर निकामी होतात.

औषधी म्हणून पिकवल्या जाणाऱ्या अळिंब्यांत गॅनोडर्मा (रेशी) आणि कॉर्डिसेप्स यांचा बोलबाला आहे. गॅनोडर्मा लाकडाच्या भुशावर येते, लाकडासारखेच कठीण व कडू असते आणि काढा वा पूड करूनच घेतात. चिनी औषधातील जातीला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी हे वेगळे नाव मिळाले. युरोपातील गॅनोडर्मा ल्युसिडमशी तिची सरमिसळ जुन्या साहित्यात सर्वत्र आहे. बरण्यांत तांदळावर वाढणारे नारिंगी कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस म्हणजे हिमालयातील कीडाजडी (ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस) नव्हे. ‘कीडाजडी घरी पिकवा’ म्हणून जे शिकवले जाते ते बहुधा पहिले असते. गॅनोडर्मा आणि कॉर्डिसेप्स या दोन्हींना प्रयोगशाळेच्या दर्जाची निर्जंतुकता लागते, आणि माणसांवरील पुरावा अजून अपुरा आहे.

बहर संपलेला पेंढा गांडूळखतात किंवा वाफ्यावर आच्छादन म्हणून वापरतात. त्यातील लिग्निनाचा (पेंढ्याला कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचा) काही भाग कवकाने मोडलेला असतो, त्यामुळे तो नुसत्या पेंढ्याहून लवकर कुजतो.