दोन सुयांचं अस्वल आणि एका सुईचा ऑक्टोपस

मागच्या थंडीत आमच्या भिशीतल्या बायकांनी ठरवलं की जवळच्या एका हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डसाठी लोकरीची छोटी छोटी अस्वलं करून द्यायची. माझी नणंद मेलबर्नला असते, तिकडे ऑस्ट्रेलियन रेड क्रॉसचं ट्रॉमा टेडी म्हणून एक काम १९९० पासून चालू आहे, म्हणजे अपघातातली, आजारी, घाबरलेली मुलं असतात ना, त्यांच्या हातात एक विणलेलं अस्वल द्यायचं, एवढंच. ती तिथे अशी अस्वलं करते. तिने पॅटर्न पाठवला, मी तो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "सगळ्यांनी विणून आणा", आणि सगळ्यांनी अंगठा दाखवला (इमोजीवाला, आपला नेहमीचा नाही). तीन आठवड्यांनी माल आला तेव्हा त्यात निम्मी अस्वलं होती आणि निम्मे जिराफ.

चूक माझ्या त्या एका शब्दाची. आपल्याकडे बाज विणतात, पैठणी विणतात, स्वेटर विणतात, दाराचं क्रोशाचं तोरणही विणतातच. त्यामुळे 'विणून आणा' म्हटलं की जिला जे येतं ते ती करते. पॅटर्न होता दोन सुयांचा, आणि निम्म्या जणींनी काढली आकड्याची सुई! बरं, हा घोळ फक्त आपलाच नाहीये. त्या गोंडस जपानी बाहुल्या असतात ना, अमिगुरुमी, त्यातला 'अमी' म्हणजे विणणं, आणि जपानीतही तो शब्द दोन्हीला चालतो. प्रत्यक्षात त्या बाहुल्या बहुतेक सगळ्या क्रोशाच्या असतात.

तर फरक काय. दोन सुयांवर तुम्ही आधी टाके घालता, समजा वीस, आणि ते वीसच्या वीस टाके पूर्ण वेळ सुईवर जिवंत असतात. एक जरी गळाला तरी तो शिडीसारखा सर्रर्र करत खाली उतरतो आणि तुम्हाला कळतं चार ओळी झाल्यावर. क्रोशात एका वेळी एकच फास सुईवर असतो, मागचे सगळे टाके पुरे होऊन बसलेले. सुई निसटली तर तो एक फास परत पकडायचा आणि पुढे चालू. म्हणूनच क्रोशा ट्रेनमध्ये, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना, कुठेही करता येतो, आणि दोन सुयांचं काम अर्ध्या ओळीवर कुणी हाक मारली की "थांब गं, ओळ संपू दे" म्हणावं लागतं. नवशिक्या बाईला मी आधी क्रोशाच शिकवीन, उसवायला सोपा म्हणून.

आता जिराफ कसे झाले ते. त्या अस्वलाचा पॅटर्न अख्खा सुलट-सुलट आहे, उलट टाका नाहीच. सुलटच्या दोन ओळी मिळून एक जाडसर वळी दिसते, म्हणजे एक ओळ फार बुटकी असते. समजा पायाला तीस ओळी लिहिल्यात, तर सुयांवर त्या पंधरा वळ्या होतात, छान आखूड गुबगुबीत पाय. त्याच तीस ओळी क्रोशाने मुक्या खांबाच्या (म्हणजे क्रोशातला बुटका टाका) केल्यात तर मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच, पाय दुप्पट लांब! एका वहिनींनी तर मुका सोडून सरळ खांबच, म्हणजे त्याहून उंच टाके, घातले होते, त्यांचं अस्वल टेबलावर ठेवलं तर पाय खाली लोंबत होते. तेव्हा ओळी मोजून एकाचा पॅटर्न दुसऱ्यावर चालत नाही, सेंटिमीटर मोजून मात्र चालवता येतो, हे आम्हाला नंतर सुचलं.

जाता जाता एक गंमत. इंग्रजी पॅटर्नमध्ये अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश लोक डबल क्रोशे म्हणतात. त्यामुळे यूट्यूबवरचा व्हिडिओ कुठल्या देशातला आहे ते बघितल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. आपला मुका खांब बिचारा दोन्हीकडे मुकाच.

तयार खेळणं हातात घेऊन ओळखायचं असेल तर जवळून बघा. दोन सुयांचं साधं विणकाम सुलट बाजूने बघितलं की वेणीसारख्या उभ्या रांगा दिसतात, एकावर एक बसलेले इंग्रजी व्ही, आणि मागून बघितलं की लाटा. ओढलं की ताणतं, सोडलं की परत येतं. क्रोशाचं कापड गाठीगाठीचं, दाणेदार, आणि फारसं ताणत नाही. अजून एक, दोन सुयांचं काम मशिनवर होतं, बाजारातले बहुतेक स्वेटर तसेच येतात, पण क्रोशाचं मशिन नाही. म्हणजे शंभर रुपयांना मिळणारी क्रोशाची बाहुलीसुद्धा कुणाच्या तरी बोटांनीच केलेली असते, भाव करताना एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

खेळण्यासाठी हा ताणण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आत फायबर (उशीत भरतात तो कृत्रिम, पांढरा भराव) भरायचं असतं. सुयांचं कापड ताणलं की टाक्यांतून पांढरं डोकावतं, आणि लहान मूल ते बोटाने उकरून काढणार म्हणजे काढणारच. त्यावर उपाय एकच, लोकरीच्या लेबलवर जो नंबर लिहिलाय त्यापेक्षा बारीक सुया घ्यायच्या आणि हात घट्ट ठेवायचा. क्रोशात मुका खांब मुळातच दाट बसतो, त्यातून सगळं गोल गोल फेऱ्यांत जातं, मधल्या फासाचा दोरा ओढला की सुरुवातीचं भोकही बंद, शिवण नाहीच. गोल डोकं, चेंडू, अंडं असले आकार क्रोशाने जास्त सोपे जातात.

पण मला स्वतःला अस्वल दोन सुयांचंच आवडतं, आणि ते करायची रीतही मजेची आहे. एक पाय विणायचा, दुसरा पाय विणायचा, दोन्ही एका सुईवर घेऊन सरळ वर पोट, मग डोकं, आणि तसंच उलट दिशेने मागची बाजू खाली. म्हणजे हातात येते एक लांब पट्टी, ती बघून नवरा विचारतो की मफलर का एवढा बारका. ती दुमडायची, बाजू शिवायच्या, फायबर भरायचं. अजूनही ती उशीच असते. मग डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरके टाके मारायचे, ते झाले कान. मानेच्या जागी सुईने दोरा गोल फिरवून घ्यायचा आणि ओढायचा. त्या क्षणी त्या उशीचं अस्वल होतं, दर वेळी मला बरं वाटतं. आणि ते हातात मऊ, जरा ढिलं राहतं, कुशीत घेऊन झोपण्यासारखं. क्रोशाचं अस्वल टेबलावर ऐटीत बसतं पण जरा कडक असतं.

याच्या अगदी उलट डेन्मार्कचा ऑक्टोपस. २०१३ मध्ये तिकडे सुरू झालेलं काम, दिवसांआधी जन्मलेल्या बाळांसाठी छोटा ऑक्टोपस, बाळ नळ्या ओढायच्या ऐवजी त्याचे पाय धरून राहतं असं त्यांचं म्हणणं. तो क्रोशाचाच करायचा. ते पिळदार पाय असतात ना, ते साखळी घालून प्रत्येक कडीत दोन-तीन मुके खांब घातले की आपोआप वळतात, सुयांवर ते इतक्या सहज होत नाही. नियम पण कडक आहेत, शंभर टक्के कॉटनचा दोरा, ६० डिग्रीला धुता आला पाहिजे, आणि पाय ताणून मोजला तर २२ सेंटिमीटरच्या वर नको, गळ्याभोवती गुंडाळायला नको म्हणून. इथे आपली अ‍ॅक्रिलिक लोकर चालत नाही, कितीही मऊ असो. आणि कुठल्याही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) विचारल्याशिवाय घेऊन जाऊ नका, त्यांचे इन्फेक्शनचे नियम असतात.

काही ठिकाणी दोन्ही चालतं. अमेरिकेत मिनेसोटात मदर बेअर प्रोजेक्ट म्हणून आहे, २००३ पासून अस्वलं जमवून आफ्रिकेतल्या मुलांना पाठवतात, तिथे सुयांचं पण घेतात, क्रोशाचं पण, पण दोन्हींचे पॅटर्न वेगळे दिलेले आहेत. आम्हाला ही अक्कल आधी असती तर.

डोळ्यांना मात्र दोन्हीकडे बटण, मणी काही नको. दोऱ्यानेच भरायचे. आणि आत कापूस भरू नका, धुतला की गोळे होतात, जुन्या उशीतला तर अजिबात नको. आमच्यातल्या एकीने भरला होता, वॉर्डातल्या सिस्टरनी हातात घेऊन दाबून बघितलं आणि अस्वल शांतपणे परत दिलं.

जिराफांचं म्हणाल तर पाय उसवून अर्धे केले, क्रोशा असल्यामुळे पटकन झालं. खांबवाल्या वहिनींनी मात्र ऐकलं नाही, त्यांनी त्याला पिवळी शिंगं लावली, पाठीवर तपकिरी ठिपके भरले आणि जिराफ म्हणूनच दिलं. वॉर्डात सगळ्यात आधी तेच गेलं.