शोधनिबंध छापून येण्याची रीत : साडेतीनशे वर्षांची पार्श्वभूमी

आज एखादा संशोधक शोधनिबंध पाठवतो, तेव्हा पुढचा क्रम ठरलेला असतो. संपादकाची प्राथमिक चाळणी, मग दोन-तीन अनाम समीक्षकांचे अहवाल, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, बहुधा पुन्हा एक फेरी, आणि कित्येक महिन्यांनी स्वीकृती किंवा नकार. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो आधुनिक विज्ञानाइतकाच जुना असावा असे वाटते. प्रत्यक्षात संशोधनपत्रिका साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक निबंधाचे बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण झालेच पाहिजे ही सार्वत्रिक अपेक्षा जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. पत्रिका सुरू झाली ती नव्या शोधाची वार्ता पोचवण्यासाठी आणि तो प्रथम कोणी लावला याची नोंद ठेवण्यासाठी. दर्जाची ग्वाही देणे, आणि त्याही पुढे जाऊन संशोधकाची नेमणूक व बढती ठरवणे, ही ओझी तिच्यावर नंतर एकेक करून चढली. संशोधकांना आज ज्या अडचणी जाणवतात, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ या चढत गेलेल्या ओझ्यांत आहे.

पत्रिका नव्हत्या तेव्हा शोधाची वार्ता खाजगी पत्रांतून फिरत असे आणि श्रेय हातचे जाण्याची धास्ती मोठी होती. गॅलिलिओने 1610 मध्ये शनीचे विचित्र रूप पाहिले, तेव्हा ते उघड न सांगता त्याने त्या विधानातली अक्षरे उलटसुलट करून कळवली. केप्लरने ती जुळवून त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचा भलताच अर्थ काढला. रॉबर्ट हूकने स्प्रिंगच्या ताणाचा नियम 1676 मध्ये अक्षरांची वर्णानुक्रमे जुळणी करून छापला आणि 1678 मध्ये तिचा उलगडा केला. शोध आपल्या नावावर राहावा, पण तो दुसऱ्याच्या हाती पडू नये, अशी ही दुहेरी धडपड होती. ज्ञान लपवून ठेवल्यानेच श्रेय सुरक्षित राहत असेल, तर ते सर्वांपर्यंत पोचणार कसे, हा त्या काळातला खरा पेच होता.

1665 मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने त्यावर उत्तर निघाले. 5 जानेवारीला पॅरिसमध्ये दनी द सालो याने ‘जुर्नाल दे सावाँ’ काढले; त्यात नव्या ग्रंथांचे परिचय आणि विद्वानांच्या जगातल्या वार्ता यांना मुख्य स्थान होते. 6 मार्चला लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ निघाले. त्याचा संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हा मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेनचा. तो रॉयल सोसायटी या लंडनमधल्या विद्वत्संस्थेचा सचिव होता, पण पत्रिका त्याने स्वतःच्या जबाबदारीवर आणि काही उत्पन्न मिळेल या आशेने चालवली. सोसायटीच्या कार्यकारिणीने मार्चच्या आरंभी ठराव करून छपाईला मान्यता दिली, ती मजकूर आधी काही सभासदांनी नजरेखालून घालावा या अटीवर. पहिला अंक सोळा पानांचा होता. त्यात गुरूवर दिसलेल्या डागाची नोंद होती, रोममध्ये सुधारलेल्या भिंगांची माहिती होती, आणि विकृत अवयवांसह जन्मलेल्या एका वासराचे वर्णनही होते. ओल्डेनबर्ग युरोपभर पत्रव्यवहार करी, आलेल्या पत्रांचे भाषांतर करी, सारांश काढी, आणि लिहिण्यास कचरणाऱ्यांना लिहिते करी. त्या वर्षीच्या प्लेगमुळे काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. 1667 मध्ये परदेशी पत्रव्यवहाराच्या संशयावरून त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतही राहावे लागले. पण त्याने बसवलेली व्यवस्था टिकली, कारण तिने तो पेच सोडवला होता. छापील अंकावरच्या तारखेने श्रेय निश्चित होत असल्यामुळे शोध जाहीर करणे हेच त्याचे श्रेय राखण्याचे साधन ठरले.

मात्र छापले गेले म्हणजे ते खरे, असा दावा त्या काळी कोणी करत नव्हते. 1752 मध्ये रॉयल सोसायटीने पत्रिका अधिकृतपणे आपल्या ताब्यात घेतली आणि निबंध निवडण्यासाठी सभासदांची समिती नेमली. त्या वेळी छापलेल्या निवेदनात सोसायटीने स्पष्ट केले की निवड विषयाचे महत्त्व, त्याचे वेगळेपण किंवा मांडणीची पद्धत पाहून केली जाते. त्यातल्या वस्तुस्थितीच्या खात्रीची जबाबदारी सोसायटी घेत नाही. हे निवेदन आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे, कारण पत्रिकेकडून आज आपण जी हमी गृहीत धरतो, ती तिच्या पहिल्या मोठ्या पाठीराख्या संस्थेने जाणूनबुजून नाकारली होती.

लेखी परीक्षणाची प्रथा तिथेच, 1831-32 च्या सुमारास मूळ धरू लागली, आणि तिच्या पहिल्याच प्रयोगात आजचा वाद दिसतो. केंब्रिजचे विल्यम ह्युएल यांनी सुचवले की सोसायटीकडे आलेल्या निबंधांवर जाणत्या सभासदांनी अहवाल लिहावेत आणि ते प्रसिद्धही करावेत. त्यांचा हेतू चुका काढण्याचा नव्हता. नव्या कामाचे महत्त्व लोकांपुढे यावे, विज्ञानाकडे समाजाचे लक्ष वेधले जावे, हा होता. पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतील दीर्घकालीन फरकावरचा जॉर्ज एअरी यांचा निबंध अहवालासाठी आला. ह्युएल आणि जॉन विल्यम लबक या दोघांनी मिळून अहवाल लिहायचा होता. ह्युएल यांना त्या कामाचे ज्ञानक्षेत्रातले स्थान दाखवायचे होते, तर लबक यांना गणिती मांडणीतले दोष खटकत होते आणि ते नमूद करणे त्यांना आपले कर्तव्य वाटत होते. दोघांत बराच पत्रव्यवहार झाला, अहवाल अडून राहिला, आणि अखेर ह्युएल यांच्या धर्तीचा गौरवपर अहवालच सोसायटीपुढे आला. पुढच्या काही वर्षांत मात्र उलटे घडले. अहवाल प्रसिद्ध होईनासे झाले, समीक्षकाचे नाव गुप्त राहू लागले आणि दोष शोधणे हेच त्याचे मुख्य काम बनले. कामाचे स्थान दाखवणारा समीक्षक आणि चुका पकडणारा समीक्षक, या दोन भूमिकांपैकी आपण जवळजवळ पूर्णपणे दुसरी पत्करली. माझ्या मते हे नुकसान आहे. ह्युएल यांची कल्पना भाबडी होती असे म्हणणे सोपे आहे, पण आपल्या कामाचे नेमके मोल काय हे जाणकाराकडून ऐकणे तरुण संशोधकाला दुरुस्त्यांच्या यादीइतकेच आवश्यक असते.

ही प्रथा लगेच सर्वत्र पसरली असेही नाही. एकोणिसाव्या शतकात विषयवार पत्रिका झपाट्याने वाढल्या, पण बहुतेक ठिकाणी संपादकाचा स्वतःचा निर्णय अंतिम असे, आणि नामवंताची शिफारस पुरेशी ठरे. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये ढाक्याहून आपला निबंध थेट आइन्स्टाइन यांना पाठवला, आणि आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक’मध्ये छापून आणला. त्याच आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह लिहिलेला निबंध 1936 मध्ये अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला आणि आलेला सविस्तर अहवाल लेखकांकडे पाठवला. निबंध छापण्यासाठी दिला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, असे कळवून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे तो ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये निघाला, पण निष्कर्ष बदलून. समीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांनी दाखवलेली चूक दरम्यान खाजगी चर्चेतून लेखकांपर्यंत पोचली होती. या प्रसंगात समीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. तरीही त्या काळच्या ख्यातनाम शास्त्रज्ञाला अशी तपासणी अनपेक्षित वाटली, यावरून ती किती विरळ होती हे कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. सरकारी निधी वाढला, निबंधांची संख्या वाढली आणि विषयांच्या इतक्या शाखा झाल्या की एका संपादकाला सगळ्यांचा निवाडा करणे अशक्य झाले. साधनांचाही यात वाटा आहे. कार्बन कागद घालून टंकलेखित केलेल्या मोजक्या प्रती जपून वापराव्या लागत. 1959 मध्ये झेरॉक्सचे फोटोकॉपी यंत्र आल्यावर तोच निबंध एकाच वेळी दोन-तीन गावच्या समीक्षकांना पाठवणे सहज जमू लागले. तरीसुद्धा डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध 1953 मध्ये ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षणाशिवाय छापला, आणि त्या साप्ताहिकाने परीक्षण नियमाने सक्तीचे केले ते 1973 मध्ये. 1975 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानवाटपावर सुनावण्या झाल्या. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला जात असताना तज्ज्ञांचे परीक्षण ही शास्त्रज्ञांच्या स्वायत्ततेची ढाल बनली आणि त्याला आजची प्रतिष्ठा लाभली.

याच काळात दोन गोष्टी शेजारी शेजारी वाढल्या. विद्वत्संस्था पूर्वी तोटा सोसून पत्रिका चालवत. आता तो व्यवसाय झाला. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी 1951 मध्ये हाती घेतलेली पर्गमॉन प्रेस चाळीस वर्षांनी एल्सव्हियरला विकली गेली, तेव्हा तिच्याकडे शेकडो पत्रिका होत्या. लेखक आणि समीक्षक यांना मोबदला नाही, आणि वर्गणी मात्र ग्रंथालयांनी भरायची, अशी ही रचना असल्यामुळे वर्गण्या चढत गेल्या आणि ग्रंथालये पत्रिका बंद करू लागली. दुसरी गोष्ट युजीन गारफील्ड यांची. कोणत्या निबंधाचा हवाला पुढे कोणी दिला याची सूची करावी ही कल्पना त्यांनी 1955 मध्ये मांडली आणि 1964 मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना चालू वर्षी मिळालेले हवाले भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या. ही पत्रिकेची सरासरी आहे. थोड्याशाच निबंधांना बहुतेक हवाले मिळत असल्यामुळे या आकड्यावरून कोणत्याही एका निबंधाची, किंवा त्याच्या लेखकाची, योग्यता कळू शकत नाही. तरीही निवड समित्यांनी तो त्यासाठीच वापरला, कारण तो हाताशी होता.

इंटरनेटने वितरणाचा खर्च जवळजवळ संपवला. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट 1991 मध्ये लॉस अलामोस येथे सुरू केलेल्या, पुढे आर्काइव्ह या नावाने रूढ झालेल्या भांडारात भौतिकशास्त्रज्ञ आपले निबंध परीक्षणाआधीच ठेवू लागले. 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची, म्हणजे निबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावेत याची, मागणी नेमक्या शब्दांत मांडली. वाचकाची वाट त्यामुळे मोकळी झाली खरी, पण अनेक पत्रिकांनी खर्चाचा भार प्रकाशनशुल्काच्या रूपाने लेखकावर टाकला, आणि ज्यांच्या संस्था ते शुल्क भरू शकत नाहीत त्यांच्यापुढे नवी भिंत उभी राहिली. प्रत्येक स्वीकृतीमागे पैसे मिळतात म्हटल्यावर परीक्षणाचा केवळ देखावा करणाऱ्या पत्रिकाही बोकाळल्या. 2013 मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेसाठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट निबंध मुक्त प्रवेशाच्या 304 पत्रिकांकडे पाठवला, तेव्हा त्यांतल्या 157 पत्रिकांनी तो स्वीकारला.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा प्रसिद्ध झाला. पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, हे त्याचे मुख्य म्हणणे आहे, आणि त्यावर जगभरातल्या हजारो संस्थांनी व व्यक्तींनी सह्या केल्या आहेत. व्यवहारात बदल किती अवघड आहे हे ‘ईलाइफ’च्या अनुभवावरून दिसते. या पत्रिकेने 2023 पासून परीक्षणानंतर स्वीकृती-नकार देणे थांबवले. परीक्षणासाठी घेतलेला निबंध समीक्षकांच्या अहवालांसह उघडपणे प्रसिद्ध होतो, आणि त्या कामाचे महत्त्व किती व त्याला पुरावा किती भक्कम आहे, हे संपादक शब्दांत नोंदवतात. 2024 च्या अखेरीस इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीने, या पद्धतीत परीक्षणाने ग्राह्य ठरलेले आणि न ठरलेले निबंध वेगळे राहत नाहीत या कारणावरून, ‘ईलाइफ’ला यापुढे तो आकडा मिळणार नाही असे जाहीर केले. ज्या संशोधकांच्या संस्था अजून तो आकडा मागतात, त्यांना तिथे निबंध पाठवण्याआधी आपल्या नेमणुकीचा विचार करावा लागतो.