एशियाडचं सुवर्ण आणि एशियन कप : भारताने नेमकं काय जिंकलं?

भारत फुटबॉलमध्ये दोनदा आशियाचा विजेता ठरला, हे ऐकलं की अनेकांना वाटतं आपण एशियन कप जिंकलाय. तसं झालेलं नाही. १९५१ आणि १९६२ची ती सुवर्णपदकं एशियाडमधली. एशियन कप भारताच्या हाती एकदाही आला नाही. त्यात ‘आशिया चषक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं, म्हणून इथे एशियन कप असंच म्हणतो.

एशियाड म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा, एसटीच्या एशियाड गाड्यांमुळे घरोघरी पोचलेला शब्द. त्यात फुटबॉल हा अनेक खेळांपैकी एक. एशियन कप मात्र आशियाई फुटबॉल महासंघाची स्वतःची, फक्त फुटबॉलची स्पर्धा. ती १९५६ साली हाँगकाँगमध्ये सुरू झाली. म्हणजे १९५१मध्ये दिल्लीत मेवालालच्या गोलवर आपण इराणला १-० हरवलं, तेव्हा एशियन कप अस्तित्वातच नव्हता. संघ सहाच होते, पण आशियात त्याहून मोठा मान नव्हता.

१९६२चं जकार्ता मला त्याहून मोलाचं वाटतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवलं आणि अंतिम फेरीत तोच संघ पुन्हा समोर आला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नैल सिंगला बचावफळीतून काढून आघाडीला खेळवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल यांनी एकेक गोल केला, भारत २-१ जिंकला. कोलवाळमध्ये जन्मलेला, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा फोर्तुनातो फ्रँको या संघात होता, हे गोव्यात आणि मुंबईत जास्त लोकांना ठाऊक असायला हवं. एक गोष्ट मात्र लपवू नये : इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायलला येऊ दिलं नव्हतं, आणि एशियाडचे आधीचे दोन्ही विजेते, १९५४ आणि १९५८चे, तैवानच होते.

एशियन कपमध्ये आपली सर्वोत्तम कामगिरी १९६४ची, इस्रायलमध्ये. आपल्या पात्रता गटातले बाकीचे संघ माघारी गेल्याने थेट प्रवेश मिळाला. चारच संघ, सगळे एकमेकांशी खेळले, अंतिम सामना असा नव्हताच. भारताने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, इस्रायलकडून ०-२ हार पत्करली आणि उपविजेतेपद मिळवलं.

आज या दोन स्पर्धांमधलं अंतर फार वाढलंय. २००२पासून एशियाडचं पुरुष फुटबॉल मुख्यतः २३ वर्षांखालच्यांचं झालं, सोबत मोठ्या वयाचे तीन खेळाडू चालतात. एशियन कप हा देशाच्या मुख्य संघाचा. फुटबॉलपुरता आशियाई महासंघात असलेल्या ऑस्ट्रेलियाने २०१५चा एशियन कप जिंकला, पण तो एशियाडच्या फुटबॉलमध्ये खेळत नाही.

दक्षिण कोरियाकडे पाहिलं की हा फरक लख्ख दिसतो. एशियन कप त्यांनी १९५६ आणि १९६० असा पहिल्या दोन्ही वेळा जिंकला; त्यानंतर एकदाही नाही. एशियाडचं सुवर्ण मात्र २०१४, २०१८ आणि २०२३मध्ये चीनमधल्या हांगझोऊत, असं सलग तीनदा. त्यांचा आघाडीचा खेळाडू सोन ह्युंग-मिनने २०१५च्या एशियन कपच्या अंतिम सामन्यात भरपाई वेळेत बरोबरी साधली, तरी कोरिया हरला. २०१८च्या एशियाडमध्ये तो मोठ्या वयाच्या तिघांपैकी एक आणि कर्णधार होता. जपानला हरवून मिळालेल्या त्या सुवर्णामुळे त्याची दीर्घ सक्तीची लष्करी सेवा टळली. काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण तेवढं करावं लागलं. एशियन कप जिंकणाऱ्या खेळाडूला तिथे अशी सूट आपोआप मिळत नाही.

आपल्याला १९६४नंतर एशियन कपमधला पुढचा विजय मिळाला तो थेट २०१९मध्ये, अबू धाबीत थायलंडवर, ४-१.