आधी दोन भुकट्या, मग तिसरी

शिसं, मॅग्नेशियम आणि निओबियम यांच्या ऑक्साइडांच्या भुकट्या नीट तोलून घेतल्या, एकत्र घोटल्या आणि भट्टीत भाजल्या, तर बहुतेक वेळा काम बिघडतं. शिसं आधी निओबियमला जाऊन चिकटतं, मॅग्नेशियम बाजूलाच राहतं आणि पायरोक्लोर नावाचा स्फटिक मिसळून बसतो. सोनार (SONAR), म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र. त्याच्या दृष्टीनं तो भेसळच.

हवं असतं ते लेड मॅग्नेशियम निओबेट, म्हणजे पीएमएन. याच्या एक मिलिमीटर जाड चकतीला हजार व्होल्ट दिले की ती सुमारे एक मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं फुगते. हे फारच किरकोळ वाटेल. पण अशा चकत्यांची चळत रचायची, मागे जड पोलादी ठोकळा आणि पुढे हलकं, पसरट तोंड बसवायचं, मधून बोल्ट घालून सगळं करकचून आवळायचं. आवळायचं अशासाठी, की सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, पण ओढलं की तडकतं. आता ही चळत सेकंदाला हजारो वेळा थरथरली, की तिचा आवाज समुद्रात कित्येक किलोमीटर जातो.

या पदार्थाची एक खोड आहे. वीज सुलट द्या की उलट, चकती फुगतेच. त्यामुळे नुसता एसी प्रवाह दिला तर आवाज दुप्पट वारंवारतेचा निघतो. म्हणून आधी स्थिर डीसी व्होल्टेज देऊन ती थोडी फुगवून ठेवतात आणि त्यावर एसीचा संदेश चढवतात.

भेसळीवरचा उपाय १९८२ मध्ये स्वार्ट्झ आणि श्राउट या संशोधकांनी दिला, आणि मला तो फार सुंदर वाटतो. शिसं आधी आणायचंच नाही! मॅग्नेशियम आणि निओबियम सुमारे हजार अंशांना भाजून त्यांचं कोलंबाइट नावाचं संयुग करायचं, मग शिसं घालून पुन्हा भाजायचं. मॅग्नेशियम आता निओबियमशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते मागे राहत नाही.

शेवटी चकत्या बाराशे अंशांच्या आसपास पक्क्या भाजतात. या तापमानाला शिशाचं ऑक्साइड वाफ होऊन उडतं. ते विषारी तर आहेच, शिवाय त्यानं चकतीतलं प्रमाणही ढळतं. म्हणून झाकणबंद मुशीत चकत्यांभोवती शिसं असलेलीच भुकटी पसरतात, म्हणजे वाफ बाहेरूनच भरून निघते.

आणि तापमानाचं काय? शुद्ध पीएमएन शून्याच्या थोडं खालीच सर्वात जास्त प्रतिसाद देतं. त्यात दहा टक्के लेड टायटनेट (शिसं आणि टायटॅनियमचं ऑक्साइड) मिसळलं, की तो बिंदू चाळीस अंशांजवळ सरकतो. त्यामुळे चकती कोणत्या पाण्यात उतरणार, हे भुकट्या तोलतानाच ठरवावं लागतं.