डिमर आणि व्हीएफडी: मोटरचा वेग नेमका कशाने बदलतो

घरच्या कार्यशाळेत स्वतः बांधलेले ड्रिल मशीन, बेल्ट ग्राइंडर किंवा लहान लेथ चालू लागले की काही दिवसांतच त्याचा वेग कमी-जास्त करता आला पाहिजे, ही गरज जाणवू लागते. मग दोन उपकरणांची नावे पुढे येतात. एक म्हणजे डिमर किंवा रेग्युलेटर, जो तळहाताएवढ्या डबीत मावतो आणि स्वस्तही असतो; दुसरे म्हणजे व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह), ज्याला कारखान्यात नुसते ड्राइव्ह म्हणतात. दोन्हींवर फिरवायचे गोल बटण असते आणि ते डावीकडे फिरवले की मोटर हळू व्हावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे महागडा ड्राइव्ह म्हणजे डिमरचीच मोठी आणि मजबूत आवृत्ती असा समज सहज होतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगल्या मोटरी जळतात. डिमर मोटरला मिळणारे व्होल्टेज कमी करतो. व्हीएफडी पुरवठ्याची फ्रिक्वेन्सीच, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनेच बदलतो. यांपैकी कोणते उपकरण कामाचे, हे बटणावर नव्हे, तर समोरच्या मोटरचा वेग मुळात कशावर ठरतो यावर अवलंबून असते.

चुकीची जोडी केल्यावर काय होते ते मी माझ्याच ड्रिल मशीनवर पाहिले आहे. त्यावर एक अश्वशक्तीची, सिंगल फेजची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची इंडक्शन मोटर होती आणि मोठे छिद्र पाडण्यासाठी वेग कमी करावा म्हणून मी मध्ये डिमर जोडला होता. बटण अर्ध्यापर्यंत फिरवले तरी फेऱ्यांत फरक जाणवला नाही. फक्त मोटरचा गुणगुणता आवाज जाड आणि खरखरीत झाला. आणखी फिरवल्यावर वेग थोडा उतरल्यासारखा वाटला, म्हणून मी लिव्हर खाली ओढला. ड्रिलचे टोक लोखंडाला टेकताच मोटर थबकली, जोरात घुमू लागली आणि काही सेकंदांत वार्निश तापल्याचा वास आला. मोटर वाचली, पण तिच्या अंगावर हात ठेववत नव्हता.

असे का झाले हे समजण्यासाठी इंडक्शन मोटरचे अंतरंग पाहिले पाहिजे. या मोटरीत कार्बन ब्रश नसतात. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या वाइंडिंगमधून (तारांच्या वेटोळ्यांतून) प्रत्यावर्ती प्रवाह वाहिला की आत एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या मागोमाग ओढला जातो. या क्षेत्राचा वेग दोनच गोष्टी ठरवतात: पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी आणि वाइंडिंगमधील पोलची (चुंबकीय ध्रुवांची) संख्या. १२० ला फ्रिक्वेन्सीने गुणून पोलच्या संख्येने भागले की मिनिटाला किती फेरे ते मिळते. म्हणजे ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरीत क्षेत्र १५०० फेरे करते आणि दोन पोलच्या मोटरीत ३०००. रोटर त्याच्या किंचित मागे राहतो, म्हणून नेमप्लेटवर १५०० ऐवजी १४४० सारखा आकडा दिसतो. ही जी ६० फेऱ्यांची तूट आहे तिला स्लिप म्हणतात. या सूत्रात व्होल्टेज कुठेच नाही, हे लक्षात घ्यावे.

व्होल्टेज कमी केल्याने क्षेत्राचा वेग तसाच राहतो, मात्र त्याची ओढ कमी होते, आणि तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. २३० व्होल्टचे १७० केले तर व्होल्टेज पाऊण पटीच्या आसपास उरते, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ५५ टक्क्यांवर येतो. यंत्राला तेवढाच टॉर्क हवा असेल, तर रोटर जास्त मागे पडून आणि जास्त प्रवाह ओढून तो भरून काढतो. म्हणजे १४४० फेऱ्यांचे १३९० च्या आसपास होतात आणि रोटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. पन्नास फेरे कमी करण्यासाठी दिलेली ही किंमत फारच मोठी आहे. कपॅसिटरच्या मदतीने सुरू होणाऱ्या सिंगल फेजच्या (कपॅसिटर-स्टार्ट) मोटरीत आणखी एक धोका असतो. तिचे सुरुवातीचे वाइंडिंग पूर्ण वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांशाला सेंट्रिफ्युगल स्विचने, म्हणजे वेगामुळे आपोआप उघडणाऱ्या स्विचने तुटते, आणि वेग त्याहून बराच खाली आला की तो स्विच पुन्हा जुळतो. काही सेकंदांपुरतेच बनवलेले ते वाइंडिंग मग सतत चालू राहते आणि जळते.

येथे एक रास्त शंका येते: छताच्या पंख्यातही इंडक्शन मोटरच असते, मग तो रेग्युलेटरने हळू कसा होतो? याचे उत्तर पात्यांत आहे. हवा ढकलायला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अर्ध्या वेगाला चौथा हिस्सा टॉर्क पुरतो. शिवाय पंख्याचा रोटर मुद्दाम जास्त स्लिप सोसेल असा बनवलेला असतो. ड्रिल, लेथ किंवा करवत यांचे तसे नसते. वेग कमी केला तरी धातू कापायला जोर तेवढाच लागतो, कित्येकदा अधिकच लागतो. पंख्यावर काढलेला निष्कर्ष कार्यशाळेत चालत नाही, त्याचे कारण हे आहे.

मात्र डिमर निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. हातातले ड्रिल, अँगल ग्राइंडर, मिक्सर आणि कार्बन ब्रश असलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरी या युनिव्हर्सल मोटरी असतात. त्यांत फील्ड (स्थिर वाइंडिंग) आणि आर्मेचर (फिरणारे वाइंडिंग) एकापाठोपाठ जोडलेले असते आणि वेगाला फ्रिक्वेन्सीचे बंधन नसते. व्होल्टेज आणि भार यांचा जिथे मेळ बसेल तिथे वेग स्थिरावतो. ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापून टाकतो, सरासरी व्होल्टेज उतरते आणि ही मोटर खरोखर हळू होते. हातातल्या ड्रिलच्या घोड्यात (ट्रिगरमध्ये) हेच सर्किट बसवलेले असते. उणीव एवढीच की भार पडला की वेग कोसळतो आणि भार निघाला की उसळतो. युनिव्हर्सल मोटर पूर्ण व्होल्टेजवर बिनभाराची सोडली तर ती धोक्याच्या वेगापर्यंत पळू शकते, म्हणून वॉशिंग मशीनच्या मोटरच्या मागे असणारा छोटा टॅकोमीटर (वेग मोजणारे उपकरण) काढून फेकू नये. त्याचा संकेत वाचून व्होल्टेज आपोआप कमी-जास्त करणारे नियंत्रक मिळतात आणि त्यांनी वेग भाराखालीही बऱ्यापैकी टिकतो. ट्रेडमिलची कायम चुंबकाची डीसी मोटरही व्होल्टेजचेच ऐकते, पण तिला तिच्याच जातीचा डीसी नियंत्रक लागतो.

आता व्हीएफडी. तो आलेली वीज आधी डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हे डीसी व्होल्टेज सुमारे ३२५ असते. मग आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या साठ्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा नवा तीन फेजचा पुरवठा घडवतात. २५ हर्ट्झ मागितले तर मोटरीतले क्षेत्रच निम्म्या वेगाने फिरते आणि रोटर त्याच्यामागे पहिल्यासारखाच घट्ट ओढला जातो. फ्रिक्वेन्सी उतरवताना व्हीएफडी व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो, कारण तसे न केल्यास वाइंडिंगमधला प्रवाह वाढून गाभ्याचे लोखंड संपृक्त होईल, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलण्याची क्षमता संपेल. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ यांचे गुणोत्तर ४.६ आहे, २५ हर्ट्झला ११५ व्होल्ट दिले की ते तसेच राहते. म्हणजे व्होल्टेज इथेही कमी होते, परंतु फ्रिक्वेन्सीला सोबत घेऊन. डिमर ती सोबत करू शकत नाही, आणि दोघांमधला सगळा फरक इथे आहे.

व्हीएफडी घेताना सर्वाधिक चुका एका शब्दामुळे होतात. त्याच्या खोक्यावर ‘सिंगल फेज’ असे वाचून लोक आपली सिंगल फेजची मोटर त्याला जोडतात. ते शब्द आत येणाऱ्या विजेबद्दल असतात. बाहेर जाणारा पुरवठा बहुधा तीन फेजचाच असतो आणि त्याला तीन फेजचीच मोटर लागते. जुन्या मोटरीचा कपॅसिटर आणि सेंट्रिफ्युगल स्विच अशा पुरवठ्यावर टिकत नाहीत. नवी मोटर घेताना तिची नेमप्लेटही नीट वाचावी. तिच्यावर २३०/४०० असे असेल तर २३० व्होल्टच्या ड्राइव्हसाठी जोडणी डेल्टामध्ये करावी लागते (डेल्टा आणि स्टार हे तिन्ही वाइंडिंग एकमेकांना जोडण्याचे दोन प्रकार); ती स्टारमध्येच राहिली तर टॉर्क एक तृतीयांश उरतो आणि दोष विनाकारण ड्राइव्हला दिला जातो.

व्हीएफडीचे गुण सांगणारे लोक एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा गाळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हीएफडी टॉर्क टिकवतो, पण वाढवत नाही. पाऊण किलोवॅटची, १४४० फेऱ्यांची मोटर सुमारे ५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिला ड्राइव्हवर १४ हर्ट्झला आणले तर फेरे ३६० च्या आसपास होतात, टॉर्क तेवढाच ५ राहतो आणि उपयोगी शक्ती पाव हिश्शावर येते. तेच ३६० फेरे एकास चार अशा पुलीने मिळवले, तर पट्ट्यातली थोडी घट सोडता टॉर्क २० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. लेथवर मोठ्या व्यासाचा तुकडा कातताना किंवा जाड ड्रिल चालवताना हा चौपट जोरच लागतो, त्यामुळे ड्राइव्ह आला म्हणून पायऱ्यांची पुली काढून टाकणे ही मोठी चूक आहे. वेगाचा ढोबळ टप्पा पुलीने निवडावा आणि त्यातली बारीक कमी-जास्त ड्राइव्हने करावी.

बेल्ट ग्राइंडरवर मात्र व्हीएफडीसारखा सोबती नाही. दोन पोलच्या, २८८० फेऱ्यांच्या मोटरवर १५० मिलिमीटर व्यासाचे चाक असेल तर पट्टा सेकंदाला सुमारे साडेबावीस मीटर धावतो. कच्चे लोखंड खाण्यासाठी हा वेग उत्तम आहे, पण पाणी दिलेल्या पात्याला धार लावताना टोक क्षणात निळे पडते आणि त्याचा कडकपणा जातो. २५ हर्ट्झला पट्टा ११ मीटरच्या आसपास येतो, उष्णता कमी होते आणि पात्यावर हात स्थिर राहतो. ५० हर्ट्झच्या वर नेले तर वेग वाढतो, पण व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा वाढू शकत नसल्याने टॉर्क घटू लागतो. शिवाय ग्राइंडरच्या दगडावर किंवा चाकावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा ओलांडणे जिवावर बेतू शकते.

कमी वेगात फार वेळ काम करायचे असेल तर मोटर कशी थंड राहील याचा विचार आधी करावा. मागचा पंखा शाफ्टवरच असल्याने २० हर्ट्झला वारा फारच क्षीण होतो, आणि भार पूर्ण असेल तर वेगळा छोटा पंखा लावावा लागतो. ग्राइंडिंगची धातूची भुकटी वीज वाहून नेते, त्यामुळे ड्राइव्ह बंद पेटीत, धुळीच्या झोतापासून दूर बसवावा. मोटर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये स्विच घालून चालत्या यंत्राची वीज तोडू नये, त्याने ट्रान्झिस्टर जातात. चालू-बंद करण्यासाठी ड्राइव्हवर नियंत्रणाचे वेगळे टर्मिनल दिलेले असतात. दोन्हींचे अर्थिंग पक्के असावे. आणि वीज बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमधले ते ३२५ व्होल्ट काही मिनिटे तसेच असतात. किती वेळ थांबायचे ते झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते, तेवढे थांबून, मीटरने तपासूनच हात घालावा.