घाण्याचा बैल आणि यात्रेतला पाळणा

मळ्यातल्या हौदाचा बोळा काढा, पाणी हाताने हलकंसं गोल फिरवा आणि कडब्याच्या दोन बारीक काड्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधून भोवऱ्यापासून वीतभर लांब सोडा. (कडबा नसेल तर केरसुणीच्या काड्याही चालतात.) एका टोकाला हळद लावा. काड्या भोकाभोवती फेरी मारतात, पण हळदीचं टोक सुरुवातीला विहिरीकडे असेल तर फेरीभर साधारण तिकडेच राहतं.

घाण्याचा बैल फिरताना तोंडही वळवत जातो. सारंगखेड्याच्या यात्रेतला आकाशपाळणा कितीही गरगरला तरी बसणाऱ्याचं डोकं वरच. पाण्याचं पाळण्यासारखं वाहणं म्हणजे अघूर्णी प्रवाह.

हे जमतं कसं? भोवऱ्यात अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा होतो. फेरीच्या दिशेने आडवी असलेली काडी वळणाबरोबर वळू पाहते. भोकाकडे रोखलेल्या काडीचं आतलं टोक मात्र पुढे पळतं, म्हणून ती उलटी वळू पाहते. दोघींची ओढ सारखीच, त्यामुळे जोडी वळतच नाही. अगदी भोकापाशी हा हिशेब मोडतो.

अशा प्रवाहात गणिताची चैन असते. तीन दिशांचे तीन वेग सांभाळायची गरज नाही. प्रत्येक जागी एकच आकडा पुरतो. तो वेग-विभव. नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या त्याच्या रेषा काढल्या, की जिथे त्या दाट तिथे पाणी जोरात.

पण ही चैन फसवी आहे. 1752 मध्ये दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने याच गणिताने दाखवलं, की एकसारख्या वाहत्या पाण्यात रोवलेल्या खांबावर पाण्याचा जोर शून्य! पांझरा नदीच्या पुरात उभा राहिलेला कोणीही हे मानणार नाही. उत्तर 1904 मध्ये प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं: खांबाला चिकटलेल्या पातळ थरात घर्षण असतं, आणि तिथे पाणी स्वतःभोवती फिरतं. आपल्या फडाच्या पाटातही काठालगत सोडलेल्या काड्या गरगरतात, मधल्या बऱ्याच सरळ जातात.

गंमत जमिनीखाली आहे. तिथे कणाकणाशी घर्षण, तरीही सारखी माती असेल तर एकूण प्रवाह अघूर्णीच! दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये मांडलेल्या नियमानुसार तिथे विभवाचं काम पाण्याची पातळीच करते. रावेर-यावलकडे केळीसाठी एकाने मोटर लावली की शेजारच्या विहिरीचं पाणी उतरतं, ते पातळीच्या याच उताराने.