दवाखान्याची शाळा: निर्लेखनाच्या प्रस्तावामागची पार्श्वभूमी

खानदेशात जुन्या दवाखान्यांच्या इमारती वापराविना पडून राहणे नवीन नाही. तालुक्याच्या गावातल्या या दगडी इमारतीत मात्र गेली कित्येक वर्षे मुलींची शाळा भरते. त्या इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव आल्यापासून गावात दोन तट पडले आहेत. जागा नेमकी कोणाची आणि कशासाठी दिलेली, हा प्रश्न त्यातून पुन्हा वर आला आहे.

दवाखाना लोकल फंडातून बांधलेला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर शेतकऱ्याकडून घेतला जाई. सुरुवातीला त्यातून मुख्यतः रस्ते आणि शाळा होत. 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डे, म्हणजे जिल्हा-तालुक्याचा स्थानिक कारभार पाहणारी मंडळे, आली आणि गावोगावच्या दवाखान्यांचा खर्चही त्यांच्याकडे गेला. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी व्यवस्था तशीच राहिली. प्लेग, पटकी, 1918 चा इन्फ्लुएंझा, सातपुड्याच्या पायथ्याचा हिवताप हे सगळे या एका व्हरांड्यात आले. पण ज्या माणसांनी ते दिवस पाहिले ती आता नाहीत, आणि आजचा वाद त्या काळाचा नाहीही.

वादाची मुळे 1962 मध्ये आहेत. 1 मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, जिल्हा लोकल बोर्डे बरखास्त झाली आणि त्यांच्या शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी परिषदांकडे आल्या. दवाखाना आरोग्य खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, पण दोन्ही खाती एकाच परिषदेची. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीवर, मात्र धारक म्हणून लोकल बोर्डाचेच नाव राहिले. नोंद बदलायला कोणी गेले नाही, कारण त्या वेळी कोणाला गरजच वाटली नाही.

पुढे गावाबाहेर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय झाले. ते राज्य शासनाचे. डॉक्टर, परिचारिका, कपाटे, खाटा, सगळे तिकडे गेले आणि जुनी वास्तू रिकामी पडली. मुलींची शाळा तेव्हा भाड्याच्या वाड्यात, दोन पाळ्यांत भरत होती. पावसाळ्यात धाबं गळायचं, की खालचे वर्ग सोडून द्यावे लागत. रिकाम्या दवाखान्यात शाळा हलवायचा ठराव झाला तो या अडचणीतून. माझ्या मते तो त्या काळातला सर्वांत शहाणा ठराव होता.

पालक मात्र सहज तयार झाले नाहीत. आवारात कोपऱ्यात शवविच्छेदनाची खोली होती. लोक तिला पीएमची खोली म्हणत आणि संध्याकाळनंतर त्या बाजूने कोणी जात नसे. 'आमच्या पोरी तिथं बसायच्या नाहीत' असे बायकांनी स्पष्ट सांगितले. मग आधी ती खोली पाडली आणि तिचे दगड कुंपणाला लावले. त्यानंतरच पट भरू लागला. लांबलचक वॉर्डात माणूसभर उंचीची आडभिंत घालून दोन वर्ग केले. शेजारच्या वर्गातले पाढे इकडे ऐकू यायचे, अजूनही येतात. पण उंच आढे, वरचे झरोके आणि जाड भिंती यांमुळे मार्च-एप्रिलमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही, आत बसवते. नव्या स्लॅबच्या खोल्यांत ते जमत नाही, हे सकाळची शाळा सुटताना मुलींचे चेहरे पाहून कोणालाही कळेल.

घोळ ठरावातल्या एका शब्दाचा. वापर 'तात्पुरता' असे लिहिले गेले. आरोग्य खात्याने शिक्षण खात्याला ताबा पावती दिली आणि विषय संपला असे सगळ्यांनी धरले. जागा मुळात सरकारने दवाखान्यासाठी म्हणून दिलेली होती. ज्या कारणासाठी जमीन दिली ते कारण बदलायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 1966 च्या जमीन महसूल संहितेखाली हा शर्तभंगाचा मुद्दा होऊ शकतो. अशी परवानगी कधी मागितलीच गेली नाही. त्यामुळे आज एक बाजू म्हणते, शाळेचा या जागेवर हक्कच नाही. दुसरी म्हणते, बोर्डाची मालमत्ता कायद्याने परिषदेकडे आली, दवाखाना चालवायचा की शाळा हा तिचा घरचा प्रश्न. दोन्ही बाजूंना कागद आहेत. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: जागा कडेला होती तोवर शर्तभंग कोणाला आठवला नाही. समोरचा रस्ता रुंद झाला, व्यापारी गाळ्यांची भाषा सुरू झाली आणि मग जुने दस्त बाहेर आले.

तात्पुरत्या शब्दाची झळ शाळेला रोज बसली. आपल्या नावावर नसलेल्या इमारतीवर शिक्षण खाते मोठा खर्च टाकेना. वापरात नसलेल्या दवाखान्यावर आरोग्य खाते तर मुळीच टाकेना. कौले फुटली की गावातल्या माणसांनी वर्गणी काढून बदलली. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह, उतरता रॅम्प, स्वयंपाकाची शेड अशी मानके आली. स्वच्छतागृह आणि रॅम्प झाले. पण आडभिंतीने दुभागलेला वॉर्ड एक खोली धरायचा की दोन, यावर तपासणीला येणारा प्रत्येक जण वेगळे लिहून गेला आणि शाळेची वर्गसंख्या दर वर्षी बदलत राहिली.

निर्लेखनाच्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. सागवानी वासे काही ठिकाणी कुजले आहेत, आणि पोरांच्या डोक्यावर असे छप्पर ठेवणे कोणालाच परवडणार नाही. वासे आणि कौले बदलता येतात, दगडी भिंती मात्र भक्कम आहेत, असे दुरुस्तीच्या बाजूचे लोक सांगतात. निर्णय संरचनात्मक तपासणीवर व्हायला हवा. छप्पर आणि भिंती यांचा निष्कर्ष अहवालात वेगवेगळा लिहिला पाहिजे, नाहीतर एका कुजक्या वाशावरून अख्खी इमारत कागदावर मोडकळीस जाते.

शर्तभंगावर उपाय संहितेतच आहे. बदललेला वापर जिल्हाधिकाऱ्यांकडून नियमानुकूल करून घेता येतो, आणि मिळकत पत्रिकेवर बोर्डाच्या जागी परिषदेचे नाव लावायला नोंद बदलण्याचा अर्ज करता येतो. यातला एकही अर्ज अजून गेलेला नाही; निर्लेखनाचा प्रस्ताव मात्र पुढे सरकला आहे.